अमोनियाचा कोन

कोठी भागाजवळच्या एका ज्युनियर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. तरी माझी अकरावीतली मुलगी अडलेलं विचारायला वरच्या मजल्यावर माझ्या धाकट्या जावेकडे जायची. जाऊ पुण्याची, सॉफ्टवेअर कंपनीतली. बारावीनंतर तिने रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही.

एकदा गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन उतरताना तिच्या दाराशी थांबले. ओट्यावर कणकेचा गोळा, त्यात चार दिशांना आडव्या खोचलेल्या चार टूथपिक, टोकांना मटारचे दाणे.

"हा मिथेनमधला कार्बन," जाऊ सांगत होती. "एक एस आणि तीन पी ऑर्बिटल, म्हणजे इलेक्ट्रॉनची घरं, मिसळून चार सारखी ऑर्बिटल झाली. चौघांना एकमेकांपासून होईल तितकं लांब राहायचंय. कागदावर नव्वद अंशच मिळतात. कागद सोडलास तर?"

मुलीने काड्या उपसल्या आणि एक वर, तीन खाली पसरून खोचल्या. "हौ काकू, आता दिसलं. म्हणून एकशे साडेनऊ."

हेच मी तिला दोनदा वहीत काढून दाखवलं होतं. तेव्हा जांभई देत म्हणाली होती, "आई, लाइट घे, इतकं मनावर नको घेऊ." मी आत न जाता दारातच उभी राहिले.

मग जावेने एक मटार काढून टाकला. "हा अमोनिया. मध्ये नायट्रोजन. एक जागा रिकामी, बाकी कोन तोच."

चूक होती. ती जागा रिकामी नसते. तिथली इलेक्ट्रॉनची एकटी जोडी बाकीच्या तिघांना दाबते आणि कोन एकशे सातवर येतो. मी आत जाऊन सांगू शकले असते. पण मला बरं वाटलं. कपडे घेऊन गुपचूप खाली आले.

पुढच्या आठवड्यात चाचणीत अमोनियाच आला. मुलीने काकूचं उत्तर लिहिलं. पेपर दाखवताना तिचा चेहरा उतरला होता.

"काकूचं चुकलं होतं," मी म्हणाले. "मी दारातून ऐकलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तिचं चुकलं म्हणून मला आनंद झाला होता."

तिने पेपर घडी करून दप्तरात टाकला. संध्याकाळी मी तिला घेऊन वर गेले आणि जावेलाही तेच सांगितलं. तिने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "वहिनी, मलाही नीट समजावा ना."

मी समजावलं. मुलीने लक्ष देऊन ऐकलं, पण सबंध वेळ ती काकूला टेकून बसली होती, आणि माझी नजर तिथेच जात होती.