मार्केट स्क्वेअरमधली देवी

माझी मुलगी दूध ओढत नव्हती. तोंडात घ्यायची, जरा चोखायची आणि सोडून द्यायची, आणि मग रडायची पण नाही, त्याचंच मला जास्त भ्या वाटायचं, रडली असती तर बरं. डॉक्टर म्हणाले वजन उतरतंय, अॅडमिट करा, नळीने दूध द्यावं लागेल. मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या आधी गावदेवी, मग दवाखाना. आमच्याकडे सव्वा महिना झाला की पोर देवीच्या पायावर घालतात, आणि पहिलं पोर असलं की नारळ तिथंच फोडायचा, देवीच्या दगडावरच. ते राहून गेलेलं, मला ताप होता म्हणून. तेच नडलंय, असं त्यांचं म्हणणं. नवरा म्हणाला, आई सांगते तसं कर, आणि कामाला गेला. तेव्हा मला काहीच वाटत नव्हतं, खरं सांगते. भीती होती, पण ती पण लांबून, शेजारच्या खोलीत टीव्ही चालू असतो ना, तशी.

आमचं घर शीळफाट्याच्या आतल्या अंगाला. सासरची माणसं तिथली जुनी, आधी भात लावायची, मग जमीन बिल्डरला गेली. आता भिंतीच्या ह्या बाजूला आमची चाळ आणि त्या बाजूला बिल्डरची कॉलनी. कॉलनीच्या मधोमध त्यांनी एक चौक केलाय, त्याला मार्केट स्क्वेअर म्हणतात. इंग्लंडमधलं जुनं गाव कसं असतं, तसं. पांढऱ्या भिंती, त्यात काळ्या लाकडाच्या आडव्यातिडव्या पट्ट्या, उतरती छपरं, धुराडी, एका भिंतीवर कुठलं तरी फार जुनं साल कोरलेलं. मध्ये दगडी खांबांवर एक उघडं छप्पर, वर घड्याळ. तिथं पाटी आहे की पूर्वी शेतकरी इथं लोकर आणि लोणी विकायला बसायचे. मी लग्न होऊन टिटवाळ्याहून आले तेव्हा नवऱ्याला विचारलेलं, ही घरं तुमच्या शेतात आधीपासून होती का? तो एवढा हसला, सगळ्या मित्रांना सांगत सुटला. पण माझं काय चुकलं, मी नववीतून शाळा सोडलेली, आणि दगडांवर शेवाळं पण होतं. ते रंगाचं होतं, हे नंतर कळलं.

आमची देवी तिथंच, त्या चौकाच्या जागी होती. एक गोल दगड, उंबराखाली. जमीन देताना गावाने एकच सांगितलेलं, देवीला हलवायचं नाही. बिल्डर हो म्हणाला. मग पत्रे लागले, दोन वर्षं आत काही दिसायचं नाही, आणि पत्रे निघाले तर उंबर नव्हता, पण खांबांच्या समोर दगड होता, गोल, चांगला धुतलेला, खाली चौथरा. गावातल्या बायकांना बरं वाटलं. शेंदूर लावला, हळदकुंकू सुरू झालं. नारळ फोडायला मात्र बंदी होती, फरशी खराब होते म्हणून, मग सगळ्या नुसता ठेवून यायच्या.

तर आम्ही निघालो. पोर माझ्याकडे, ताट सासूबाईंकडे. गेटवर वॉचमनने नंबर मागितला, ज्यांच्या घरी जायचंय ते आत सोडायला मोबाईलवर पाठवतात तो. सासूबाई म्हणाल्या, "माज्या शेतान जायला माला नंबर पायजे?" तो साताऱ्याकडचा, आधीच वैतागलेला, जावा म्हणाला पण लवकर या, आणि मागेमागे चालत आला.

चौकात एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढत होतं. मुलीचा झगा एवढा लांब की अर्ध्या फरशीवर पसरलेला. फोटोवाला म्हणाला, काकू, जरा बाजूला व्हाल का, फ्रेममध्ये येताय. सासूबाई म्हणाल्या, येऊ दे, फुकट येतेय. ती मुलगी हसली. मी नाही हसले, मी पोराच्या छातीकडे बघत होते, हलतेय की नाही. ऊन लागत होतं म्हणून पदर धरलेला तिच्यावर.

मी तिला दगडापुढे ठेवलं. सासूबाईंनी हळद लावली, पुटपुटल्या, आणि वॉचमन नाही नाही म्हणेपर्यंत नारळ उचलून दगडावर मारला.

नारळ फुटला नाही. ढब्ब करून आवाज आला, पाण्याच्या रिकाम्या पिंपावर मारल्यासारखा, आणि नारळ उडून त्या झग्यापर्यंत गडगडत गेला. दगडाला खळगा पडलेला. शेंदूर तडकून आत पांढरं पांढरं दिसत होतं.

वॉचमन खाली बघत म्हणाला, "आजी, फायबरचं आहे ते. सगळंच फायबरचं आहे इथलं." त्याला वाटलेलं आम्हाला माहीत असेल. खरा दगड कुठं गेला ते त्याला माहीत नव्हतं, तो नंतर लागलेला कामाला, डंपरमधून गेला असेल म्हणाला राडारोड्याबरोबर.

सासूबाई चौथऱ्यावर बसल्या. बोटाने वाजवून बघितलं त्यांनी, एकदा, परत एकदा. मग मला म्हणाल्या, "मंग आमी कोनाचे पाया परलो गो एवढे दिस?"

फोटोवाल्याने नारळ आणून दिला, तो मी घेतला, परत खाली ठेवला. कॉलनीतली एक बाई कुत्रा घेऊन गेली. पोर तशीच पडलेली, डोळे अर्धे उघडे, माशी बसली ओठावर तरी तिने तोंड हलवलं नाही. आणि मग मी बोलले. लग्नानंतर सासूबाईंना मी पहिल्यांदाच काही करूया असं म्हणत होते, आवाज माझाच होता पण दुसरंच कुणी बोलतंय असं वाटलं.

"आई, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात नेऊया."

मला वाटलं ओरडतील, सून अक्कल शिकवायला लागली म्हणतील. त्यांनी पोराकडे बघितलं. हळदीचा हात पदराला पुसला.

"उचल," म्हणाल्या.

गेटवर वॉचमननेच रिक्षा थांबवली. रस्त्यात खड्डा आला की सासूबाई माझ्या हाताखाली हात धरायच्या, पोराचं डोकं हलू नये म्हणून.

दवाखान्यात तिच्या नाकातून बारीक नळी घातली. ती थोडी रडली, आवाज मांजरासारखा. माझं दूध काढून सिस्टरने एका सिरिंजमध्ये ओतलं, दट्ट्या काढून त्या नळीला जोडलेली सिरिंज, आणि माझ्या हातात दिली. म्हणाली दाबायचं नाही, नुसतं वर धरायचं, आपोआप उतरतं. खाली केलं तर थांबतं. मी विचारलं, जगेल ना? ती म्हणाली, आधी हे पोटात जाऊ दे. सासूबाई स्टुलावर बसून बघत होत्या. मी हात वर धरून उभी राहिले. दूध इतकं हळू उतरत होतं की उतरतंय का नाही ते कळत नव्हतं. हाताला मुंग्या आल्या, मग हात आहे असंच वाटेना, तरी मी तो खाली केला नाही.