तांडेल आणि कपलिंगची पूजा

लोखंडाला मी एकदा आंघोळ घातली होती. साधीसुधी नाही, साबण लावून. मग कोरडं पुसून हळदकुंकू वाहिलं, नारळाचं पाणी शिंपडलं, वरून कोरा खण पांघरला आणि मोठ्या समाधानानं दसऱ्याला माहेरी श्रीवर्धनला निघून गेले. तेव्हा मी पंचविशीची होते, बी.कॉम. होते आणि आपल्याइतकं शहाणं अलिबाग तालुक्यात कुणी नाही अशी माझी समजूत होती. आमची नात आता इंजिनिअरिंग शिकते. तिला ही हकिगत सांगितली तेव्हा तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग आमच्या देवघराकडे पाहिलं आणि विचारलं, "आजी, तुला कामावरून काढलं कसं नाही?"

काढलं नाही, कारण मालक तांडेल होते.

तांडेल म्हणजे हिराजीशेट, थळच्या कोळीवाड्यातले. होडीवर ज्याचा शब्द चालतो तो तांडेल. यांनी होडी कधीच सोडली होती, पण कारखाना अगदी होडीसारखा चालवायचे, म्हणून नाव तेच राहिलं. तरुणपणी ते मुंबईच्या गोदीत लोहारकाम शिकले. परत येऊन होड्यांचे नांगर घडवू लागले. नांगरांनंतर होडीच्या पंख्याचे दांडे आले, दांड्यांनंतर पाइप जोडायच्या चकत्या आल्या आणि असं करत करत अलिबाग-पेण रस्त्यावर त्यांची पत्र्याची शेड उभी राहिली. आत एक भट्टी, विजेवर चालणारा एक अजस्र घण आणि दोन-तीन लेथ. लालबुंद लोखंड घणाखाली ठोकून आकाराला आणायचं, लेथवर गुळगुळीत करायचं आणि वीज केंद्रांना पाठवायचं, हा धंदा. मी ऑफिसात बसून माल रवाना करायची. पाठवायचं म्हणजे काय, हे मला कळत होतं. काय पाठवतोय, ते कळत नव्हतं.

तांडेलांची पहिली ओळख मला झाली ती दिवे गेल्यामुळे. नोकरीचा पहिलाच दिवस, आणि भर दुपारी वीज गेली. घण हवेतच थांबला. तांडेल शेडच्या मधोमध आले, कमरेवर हात ठेवले आणि वरच्या विझलेल्या बल्बला म्हणाले, "लाज हाय का तुला? तुझ्या बापाला लोखंड आमी द्यायचा, नि अंधार आमच्याच घरी?" मला वाटलं माणूस जरा हललेला आहे. कामगार मात्र ढिम्म. एकानं मला समजावलं, "बाई, हे रोजचं आहे. ते बल्बला बोलतात म्हणून तर आम्ही वाचतो."

बिघडलेल्या मालाला 'रिजेक्ट' म्हणणं त्यांना खपत नसे. ते म्हणायचे, "बसला." होडी वाळूत रुतून बसते तसा. एखादा तुकडा बसला की तांडेल स्वतः ब्रश घेऊन त्याच्यावर लाल फुली मारायचे, म्हणजे चुकूनही कुणी तो ट्रकमध्ये चढवायला नको. एकदा ठाण्याच्या कंत्राटदाराचा माणूस माल न्यायला आला होता. एका व्हॉल्व्हच्या तुकड्याला बारीकसा तडा होता. तो म्हणाला, "शेट, वेल्डिंगनं भरा, वरून रंग मारा. कोण बघतंय?" तांडेलांनी तोंड उघडून त्याला आपली दाढ दाखवली.

"ही दाढ भरलेली हाय माझी. दिसली? खाताना फुटली तर मी बोंबलीन, माझा मी. हा वाफेच्या तोंडी फुटला तर कोण बोंबलंल?"

तो माणूस दाढेकडे बघत मागे सरकला आणि तांडेलांनी ब्रश मागवला.

या कंत्राटदाराचं नाव घेतलं की तांडेलांचा चेहरा पडायचा. माल आमचा, पण वीज केंद्रात जायचा तो त्याच्या नावानं. तुकड्याच्या कडेला लोखंडी ठशानं नाव ठोकतात, ते त्याचं असायचं. तांडेल वर्षानुवर्षं प्रत्येक केंद्राला पत्रं पाठवत होते, की आमच्याकडून थेट घ्या. अखेर विदर्भातल्या एका केंद्रानं एक काम दिलं. टर्बाइन आणि जनरेटर एकमेकांना जोडणारं कपलिंग. दिसायला मोठ्या परातीएवढी जाडजूड चकती, तोंड आरशासारखं घासलेलं. हे नीट गेलं तर पुढची कामं थेट मिळणार होती. केंद्रानं दुरुस्तीसाठी टर्बाइन उघडून ठेवलं होतं आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रक निघायचा होता. कपलिंगच्या कडेला नाव ठोकायची वेळ आली तेव्हा तांडेलांनी लेथवरच्या टर्नर बबनच्या हातातून हातोडी घेतली. पहिल्यांदाच त्यांचं स्वतःचं नाव. एकेक अक्षर ठोकून झालं की ते अंगठ्यानं पुसून बघत होते.

आता माझं कर्तृत्व ऐका.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी यंत्रं बंद. घणाला झेंडूची माळ, लेथला हळदकुंकू, भट्टीला नैवेद्य. पूजा झाली, मंडळी बाहेर प्रसादाला बसली. मी आत आले तर कपलिंग कोपऱ्यात एकटंच पडलेलं. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, त्यालाच कुंकवाचं बोट नाही! माझा जीव कळवळला. कुंकू लावायला गेले तर बोट घसरलं. गंजू नये म्हणून त्याला जाड तेल चोपडलेलं होतं. ते कशासाठी आहे हे विचारावं, एवढी अक्कल त्या बी.कॉम.मध्ये शिकवत नसत. मी बादली आणली, साबण आणला आणि त्याला न्हाऊमाखू घातलं. पुढचं सांगितलंच आहे.

सुट्टी संपवून आले आणि खण उचलला. समुद्राची दमट हवा, साबणाचं पाणी, कुंकू, नारळाचं पाणी. सगळ्यांनी मिळून त्या आरशाला कोड फुटल्यासारखं करून ठेवलं होतं. मधोमध माझी पाचही बोटं गंजानं उमटली होती. पोलिसांना तपासाचं कामच उरलं नव्हतं.

शहाण्या बाईनं इथं तरी कुणाला हाक मारली असती. मला आठवली चिंच. देवाच्या तांब्याला लावतात ना! माहेराहून आणलेली चिंच पिशवीत होतीच. ती भिजवून मी पदर खोचून घासत बसले. गंज थोडा निघाला, पण खाली काळे डाग पडले. तांडेल आत आले तेव्हा मी कोपरापर्यंत चिंचेत होते.

"काय झाला गो, बाय?"

मी रडत सगळं सांगितलं. त्यांनी बबनला हाक मारली. बबन धावत आला, त्यानं नखानं डाग खरवडून पाहिला आणि म्हणाला, "शेट, खड्डे पडलेत, पण बारीक आहेत. घासतो, तेल लावतो. जाडी केसभर कमी होईल. तिकडे कुणाला कळतंय?" त्यानं पॉलिश पेपर पुढे केला.

तांडेलांनी तो घेतला. हातात धरून तसेच उभे राहिले. मी खोटं कशाला सांगू, त्यांनी घासावं असंच मला वाटत होतं. तांडेल कडेच्या नावाकडे बघत होते. मग त्यांनी पेपर बबनला परत दिला.

"चकती मापात न्हाय ती न्हाय. फिरताना थरथरली, तर तिथं माणसा उभी असतात, बबन." मग माझ्याकडे वळले. "फोन लाव केंद्राच्या सायबांना."

मी फोन लावून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो माझ्याकडेच ढकलला.

"तुम्ही बोला ना, तांडेल."

"पूजा तू केलीस, आरती मी करू? बोल. सगळा सांग. चिंच पन सांग."

"साहेब, कपलिंगला गंज आलाय," मी म्हटलं.

"गंज? तेल लावलं नव्हतं का?" पलीकडून इंजिनिअर साहेबांचा आवाज.

"लावलं होतं. मी धुतलं."

"का?"

"कुंकू टिकत नव्हतं."

तांडेलांनी मला कोपरानं ढोसलं.

"आणि मग मी त्याला चिंच लावली."

"चिंच?"

"हो. तांब्याला लावतात तशी."

मग तांडेलांनी फोन घेतला. दुसरा तुकडा ठोकून तयार आहे, लेथवर चढवतो, एक आठवडा द्या, असं ते म्हणाले. साहेब भले होते, पण टर्बाइन उघडं पडलेलं. आठवडाभर थांबणं शक्य नव्हतं. काम दुसऱ्याकडे गेलं. संध्याकाळी बबननं ग्राइंडर लावून कडेचं नाव पुसलं, कारण भंगारावर नाव ठेवत नाहीत. तांडेल शेवटचं अक्षर जाईपर्यंत तिथंच उभे होते. मग त्यांनी चहा मागवला. त्यात माझाही कप होता.

वाचकांना वाटेल, खरं बोलल्याचं काहीतरी गोड फळ मिळालं असेल. तसं काही झालं नाही. त्या केंद्रानं आम्हाला पुन्हा विचारलं नाही. पुढची काही वर्षं आमचा माल ठाण्याच्याच नावानं जात राहिला आणि तांडेल पुन्हा पत्रं पाठवत राहिले. पुष्कळ उशिरा, दुसऱ्याच एका केंद्रानं रीतसर तपासणी करून आमचं नाव आपल्या पुरवठादारांत घेतलं. तोवर तांडेलांचे केस पांढरे झाले होते. त्या मालावर नाव ठोकायला त्यांनी बबनलाच सांगितलं. हात थरथरतो म्हणाले.

मला ते त्या प्रकरणावरून कधी एक शब्द बोलले नाहीत. दर खंडेनवमीला फक्त नारळ स्वतःच्या ताब्यात ठेवायचे. मी राजीनामा लिहून नेला तेव्हा त्याच्यावर चहाचा कप ठेवून "पेनचा ट्रक आला का बघ" म्हणाले. मी मोठी हुशार; त्यांच्या मनात रागच नाही, देवमाणूस आहे, असं मी घरीदारी सांगत सुटले.

गेल्या वर्षी तांडेल गेले. त्याच्या थोडंच आधी मी त्यांना भेटायला थळला गेले होते. ओसरीवर आरामखुर्चीत बसले होते, ऐकू कमी यायचं, पण बोलणं तसंच खणखणीत. सुनेनं चहा आणला. इकडचं तिकडचं झालं आणि मी धीर करून विचारलं, "तांडेल, खरं सांगा. त्या कपलिंगचं तुम्हाला वाईट वाटलं असणार. मग माझ्यावर रागावलात कसे नाही?"

त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली, आणि म्हणाले,

"रागावलो न्हाय कोन म्हनतो? लय रागावलो होतो, बाय. एक दिवस तरी उशिरा येशील, मग तुला धुऊन काढीन, म्हनून वरीसभर वाट बघितली. तू मेली रोज माझ्याआदी हजर."