सुंठ-मिऱ्यावरचं माझं व्याख्यान

फुकटचं शहाणपण किती पाजळावं, याला काही मर्यादा असते की नाही? मला नव्हती. ऐका, म्हणजे माझ्या अकलेचं तुम्हालाही कौतुक वाटेल!

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि पिंपळगाव राजाला मीही नुकताच मास्तर झालो होतो. दोघंही नवे, दोघांनाही स्वतःबद्दल फार मोठ्या आशा! त्यात ट्रेनिंगच्या वर्षी मी एका वैद्यबुवांच्या शेजारी राहिलेलो. म्हणजे अर्धा वैद्य झालोच, नाही का?

तर मामा मला मोताळ्याला मुलगी पाहायला घेऊन गेले. मुलगी चहा घेऊन आली आणि मी तिथंच ठरवलं, करीन तर हिच्याशीच! मग छाप पाडायला नको? एक घोट घेऊन म्हणालो, "चहा उत्तम आहे. पण मी रोज मसाल्याचा घेतो. सुंठ, मिरे घातलेला."

मुलीचे वडील सावरून बसले. "रोज? काऊन जी?"

"सुंठ म्हणजे खोकल्यावर रामबाण!"

"बरं. अन् मिरे?"

"छातीतला कफ सुटतो."

वडिलांनी मुलीच्या आत्याकडे पाहिलं. आत्यानं तोंडाला पदर लावला. मला वाटलं, काय ही ज्ञानाची तहान! मग मी कसला थांबतो? लवंगेनं दाढेची कळ जाते, दालचिनीनं पोटातला वायू सरतो, वेलचीनं मळमळ थांबते... वर्गात कधी एवढं रंगून शिकवलं नसेल.

"अन् झोप लागते का तुमाले?" आत्यानं हळूच विचारलं.

"जायफळ घातलं की अगदी गाढ!"

"अरे बाप्पा!" आत्या कळवळली. मामा माझी मांडी दाबत होते. मी समजलो, शाबासकी.

निघताना वडिलांनी माझा हात धरून मला पायऱ्या उतरवल्या. चला, जावयाचा मान सुरू झाला!

एस.टी.त बसल्याबरोबर मामा कडाडले. "अबे, इकडे सुंठ-मिऱ्याचा चहा बाळंतिणीले देतेत, नाहीतर खाटेवरच्या माणसाले! अन् तू सांगून राह्यला, रोज घेतो म्हणून!"

"पण मामा, मले तर काहीच झालं नाही!"

"ते आता कोणाले सांगशीन?"

आणि खरं सांगू? रोज कुठला! तो चहा मी वैद्यबुवांकडे एकदाच प्यायलो होतो, तोही नाक मुरडून.

मोताळ्याहून निरोप आला, "पोरगं हुशार हाय. पन पहिले बरं होऊ द्या." फार वाईट वाटलं हो. मुलगी खरंच मनात भरली होती. तिचं लग्न दुसरीकडे झालं, आणि मी ठणठणीत तब्येत घेऊन घरी बसलो.

पुढचं स्थळ खामगावचं. आता मात्र मी शहाणा झालो होतो.

"चहा कसा घेता, मास्तर?"

"साधा!" मी ठासून सांगितलं. "मसाला अजिबात नको!"

मुलीचे वडील मामांच्या कानाशी लागले. पण आवाज एवढा खणखणीत, की मलाही ऐकू आलं.

"मोताळ्याचं ऐकलं होतं जी. आता पथ्यावर आला काय बिचारा?"