डबल बेल

कंडक्टरचाचा कुणालाही नावानं हाक मारत नसत. माणूस ज्या गावाचं तिकीट काढायचा, तेच त्याचं नाव. निवृत्त झाले तरी ही खोड गेली नाही. लोहाऱ्यात पहाटे आमचा पळायचा सराव सुरू झाला, तेव्हा ते गाडीच्या दारात उभे असल्यासारखी हजेरी घेत, "माकणी आली का? जेवळी कुठं राह्यली?" माकणी म्हणजे साडीवर बूट घालून पळणाऱ्या अंगणवाडीताई. माझं तर घरही लोहाऱ्यात आणि मेडिकल दुकानही लोहाऱ्यात, पण मला ते 'सोलापूर' म्हणत. आईला डायलिसिससाठी मी त्यांच्याच गाडीनं सोलापूरला नेत असे.

आईसाठी खिडकीची शीट ते रुमाल टाकून धरून ठेवायचे. "जाताना बोलणारी माणसं येताना गप असत्यात रं," ते म्हणायचे. "हे मशीन लोहाऱ्यातच पायजे." धाराशिवला मदतीची दौड ठरली, ती नेमकी या मशीनसाठीच. जो शेवटपर्यंत पोचेल त्याच्यामागं एक देणगीदार पैसे देणार. मधेच थांबला त्याचं काही नाही. चाचांनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला घरातून उठवून आणलं.

शिकवणी एसटीचीच. हातात सायकलची घंटी. एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की सुटायचं. स्वतः मात्र ते सगळ्यांच्या मागं. पुढं चला म्हटलं की म्हणत, "म्या फुडं गेलो तर मागं कोण राह्यलं, ते कोण बघनार?" मागं कायम मीच राहायचो. माझ्या पोटाचा घेर दुकानाच्या काउंटरमागं झाकला जाई, रस्त्यावर तो कुठं झाकणार? समोर सगळा रस्ता मोकळा आणि कानाशी चाचांचं चालूच, "सरका, फुडं सरका, लई जागा हाय!"

तरी एकदा न थांबता पळालोच. त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येकाला मी ते ऐकवलं. खोकल्याचं औषध न्यायला आलेला माणूस खोकायचं विसरून ऐकत राहिला.

दौडीच्या सकाळी धाराशिवच्या मैदानावर नुसता कल्ला. ढोल वाजत होते आणि माझी छाती त्याहून जोरात. मग ढोल थांबले, पाहुण्यांचं भाषण सुरू झालं. तेवढ्यात बाजूनं एक दूधवाला सायकलवरून गेला. ट्रिंग ट्रिंग! झालं, आमचं अख्खं लोहारा सुटलं! पाहुण्यांच्या हातातला झेंडा अजून गुंडाळलेलाच होता. मागून चाचांनी एक घंटी दिली तेव्हा कुठं आम्ही थांबलो. सगळं मैदान हसत होतं. चाचा गर्दीला म्हणाले, "एसटी वेळंच्या आधी सुटलेली आजपातूर कुनी बघितली का? बघून घ्या!"

शेवटच्या चढावर माझ्या पोटऱ्यांचे दगड झाले. बाकीचे केव्हाच पोचले होते. मी वाकलो, गुडघे धरले. "चाचा, सिंगल द्या. मी इथंच उतरतो."

"हितं थांबा न्हाय."

"खरंच जमत नाही हो."

ते जवळ आले. त्यांनाही दम लागला होता. "आईची शीट धरायची हाय न्हवं? मग पळ की!" आणि माझ्या कानाला लावून दोन घंट्या.

कसा पळालो ते मला विचारू नका. मी ओरडत होतो, एवढं आठवतं. शेवटच्या रेघेपल्याड अंगणवाडीताई पदर उडवत नाचत होत्या. मी रेघ ओलांडली, माझ्यामागून चाचांनी ओलांडली आणि एकच घंटी वाजवली. मी त्यांच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडलो.

मशीन आलं. आई आता घरून चालत दवाखान्यात जाते, आणि येताना शेजारणीशी बोलत येते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत चाचा मुलाकडं हैदराबादला कायमचे निघाले. बस उमरग्याहून होती, तिथवर खासगी वडाप. जन्मभर एसटीत काढलेला माणूस वडापच्या जीपमध्ये बसताना लाजत होता. सगळी टोळी निरोपाला जमली होती. त्यांनी घंटी माझ्या हातात ठेवली. "दे डबल."

मी एकदा वाजवली. जीपवाल्यानं गाडी जागेवरच धरली. सगळे हसले, चाचाही हसले, पण रुमाल डोळ्यांकडं गेला.

"पॅशेंजरला असं अडकवू नये, लोहारा," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला सोलापूर म्हटलं नाही.

मग मी दुसरी घंटी दिली.