उंबऱ्याचा फोटो

ज्या माणसाला मी भर वर्गात खोटारडा म्हटलं, तो माणूस काल गेला.

आमचे आप्पा. निपाणीत त्यांचा फोटो स्टुडिओ. मी तेव्हा तिथल्याच मराठी प्राथमिक शाळेत चौथीची बाई. आमच्या भिंतीपलीकडे कन्नड शाळा.

कल्पना आप्पांची. दोन जुने डिजिटल कॅमेरे त्यांनी शाळेला दिले. रोज एका मुलाने कॅमेरा घरी न्यायचा, घराचा एक फोटो काढायचा. फोटोत माणूस नको.
आप्पा प्रिंट काढून भिंतीपलीकडे द्यायचे. या घरात कोण राहत असेल, ते तिकडच्या मुलांनी लिहायचं. त्यांचे फोटो आमच्याकडे.

आमच्या पोरांनी पलीकडच्या एका गोठ्यात फौजदार राहतो असं ठोकून दिलं होतं.
रागावून मला जे जमलं नव्हतं, ते फोटोंनी केलं. मुलं लिहायला लागली.

तिकडची पत्रं मराठीत वाचून दाखवायचे आप्पाच.
मला कन्नड बोलता येतं. बाजारात भांडतेसुद्धा. वाचायला मात्र शिकले नाही. हट्ट. सीमाभागातल्यांना कारण सांगायला नको.

वर्गात वैशाली होती. ती लिहीत नव्हती, बोलतही नव्हती. आई बिड्या वळायची, ती दिवाळीनंतर वारली. वडील ट्रकवर. शाळा सुटली की पोर रिकाम्या घरात एकटी.

तिने फोटो आणला तो उंबऱ्याचा. उघडं दार, आत अंधार. बाकी काही नाही.

चार दिवसांनी फोटोसोबत पत्र आलं. आप्पा वाचू लागले.
उंबऱ्यावर एक मावशी बसलीया. बिड्या वळतीया. डाव्या अंगठ्याला निळी चिंधी हाय. सुपात तंबाखू न्हाय, नुसतीच पानं वळतीया.

मी फोटो पुन्हा हातात घेतला. उंबरा रिकामा होता.

वैशाली म्हणाली, "आमची आय."

तीन महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडलं होतं. त्या दिवशी तिने वहीचं पान भरून लिहिलं.

मी मात्र भडकले. बिड्या वळणारी बाई निपाणीत कुणालाही सुचेल. पण तिच्या आईच्या अंगठ्याची निळी चिंधी?
तिच्या आईचा हार घालायचा फोटो आप्पांनीच मोठा करून दिला होता. म्हणजे चिंधी त्यांना माहीत असणार.
पोरीच्या दुःखाशी खेळता, खोटारडे आहात, असं मी सगळ्यांसमोर बोलले.

"बाई, मी पदरचं कायबी घातल्यालं न्हाय."
एवढंच म्हणाले.

मी पत्र काढून घेतलं, फाईलला लावलं, उपक्रम बंद केला. पलीकडच्या बाईंकडून वाचून घेता आलं असतं. नाही घेतलं.

त्या संध्याकाळी स्टुडिओला कुलूप लावून आप्पा वैशालीच्या घरी गेले. वडील ट्रकवरून परत येईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिले. ते आल्यावर सांगितलं, पोरीला या घरात एकटी ठेवू नका, बेळगावात खासबागला तिच्या मावशीकडे धाडा.
वडील ऐकेनात. दुसऱ्या दिवशीही आप्पा तिथेच. तिसऱ्या दिवशी पोर बेळगावच्या एसटीत बसली.
मी तेव्हा म्हटलं, त्यांचं मन त्यांना खातंय.

वैशाली आज नर्स आहे. काल तिचाच फोन आला.
"बाई, आप्पा गेले ओ."

फोन ठेवला आणि फाईल काढली. नात सहावीत आहे, शाळेत कन्नड शिकते, घडाघडा वाचते. तिला म्हटलं, वाचून मराठीत सांग.

मावशी. निळी चिंधी. सुपात नुसती पानं.
सगळं होतं. जसंच्या तसं.

मी कागद परत मागितला. ती देईना.
"थांब की आज्जी, अजून दोन ओळी हायत."

त्या आप्पांनी वर्गात वाचल्या नव्हत्या.

"मावशी फोटो काढणाऱ्या पोरीला आत ये म्हणतीया.
तिनं जाऊ नये."

खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही.

आप्पा, तुम्ही पत्रात काही घातलं नव्हतं. दोन ओळी तेवढ्या पोरीपासून लपवल्यात, आणि इतकी वर्षं माझी बोलणी खाऊन गप्प राहिलात.

मी चुकले.
तुम्हाला अखेरचा नमस्कार.