आरपीजीमधला म्हातारा

कॉम्प्युटर क्लासमध्ये किस्से आपोआप साठतात हो, कीबोर्डखालच्या धुळीसारखे! हे कोपरगावच्या क्लासमधले, सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचे. तुम्ही खुशाल हसा. मला मात्र आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मी तिथं शिकवायचो. चपला बाहेर काढून आत यायचं, एसी रूम ना! क्लासचे मालक जेवायला गेले की मी, मिलिंद आणि दत्ता कोपऱ्यातल्या मशीनवर तलवारीचा एक गेम लावायचो. दोघंही माझे विद्यार्थी. दत्ता वडिलांशी भांडून कोल्हारहून निघून आलेला, मिलिंदच्या खोलीवर राहायचा.

सीडीवर लिहिलेलं ‘आरपीजी’. म्हणजे काय? मी ठोकून दिलं, “रॉयल पॅलेस गेम!” चार दिवस सगळा क्लास तेच म्हणत होता. मग मिलिंद कुठल्याशा मासिकात ‘रोल प्लेइंग गेम’ वाचून आला. भर क्लासमध्ये म्हणतो, “मास्तर, पॅलेस कुठंय?”

*

मग वाद. दत्ता म्हणायचा, “तलवार असली की झाला आरपीजी.”

“असं कसं? माणूस वाढला पायजे. आज उंदराला घाबरतो, उद्या राक्षस पाडतो,” मिलिंद म्हणाला.

“मग क्रिकेटचा गेमबी आरपीजीच की! आपला बॅट्समन रोज वाढतोय!”

मी घसा खाकरून निकाल दिला, “आपण दिलेल्या उत्तरानं पुढची गोष्ट बदलते, तो आरपीजी.” माझं मलाच कौतुक वाटलं.

*

पण गेममधली माणसं बोलायची इंग्रजीत! आणि आपलं इंग्रजी फर्डं आहे, ही थाप मी नोकरीला लागतानाच मारलेली. अर्धं कळायचं, अर्धं मनाचं. एकदा राणी काहीतरी बोलली. मी सांगितलं, “तलवार मागतीये.” दत्तानं देऊन टाकली. पुढच्याच दारात राक्षस!

“राणी लई बेइमान निघाली,” दत्ता हळहळला.

राणी बिचारी ‘तलवार सांभाळ’ म्हणाली होती. मला ते नंतर डिक्शनरीत कळलं. मी तोंड उघडलं नाही.

*

दत्ताचे वडील पाहुण्यांसमोर म्हणाले होते, “ह्याच्या हातून काय बी व्हायचं न्हाई.” ते त्याला लागलेलं. महिनाभर अबोला. घरचा विषय काढला की उठून जायचा.

एक दिवस गेममध्ये पुलाजवळ म्हातारा भेटला. चार ओळी बोलला. मला अक्षरही कळलं नाही, आणि दोघं माझ्या तोंडाकडे बघतायत! मी म्हटलं, “म्हणतोय, पोरा, बाप वाट बघतोय. घरी जा.”

दत्ता स्क्रीनकडे बघत राहिला. मग उठला, चपला घातल्या आणि कोल्हारला जाणारी एसटी पकडली.

मी घाईघाईनं डिक्शनरी काढली. म्हातारा मशाली विकत होता! दोन घेतल्या तर तिसरी फुकट! लाज वाटली, इतकी, की मिलिंदलाही सांगितलं नाही.

*

आठवड्यानं दत्ता आला. सोबत धोतर-टोपीतले वडील.

“अण्णांना त्या म्हाताऱ्याला भेटायचं हाय,” दत्ता म्हणाला.

“मशीन बिघडलंय,” मी म्हटलं. तोवर मिलिंदनं गेम लावलासुद्धा! पुलाजवळ म्हातारा उभाच.

अण्णांनी टोपी सारखी केली आणि स्क्रीनला हात जोडले. “लई उपकार झाले बाबा. पोरगं घरी आलं.”

म्हाताऱ्यानं त्याच चार ओळी टाकल्या.

अण्णा माझ्याकडे वळले. डोळे भरलेले.

“मास्तर, आज काय म्हनतोय?”