बँकेचं बोट

दादाचा फोन आला तेव्हा माझ्या हातात एका बाईचं बोट होतं. मालाडला मार्वे रस्त्याच्या आतल्या गल्लीत दादाचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे आणि त्या दुकानाच्या दाराशी, एका कोपऱ्यात, माझ्या वहिनीचं टेबल. टेबलावर एक लॅपटॉप आणि बोटाचा ठसा घेणारं मुठीत मावेल एवढं यंत्र. वहिनी बँकेची प्रतिनिधी होती. ज्या माणसांना शाखेत जायला सवड नसते, किंवा गेल्यावर कुणी धड विचारत नाही, त्यांची खाती ती या टेबलावर उघडायची, पैसे भरून घ्यायची, काढून द्यायची. ती इस्पितळात होती म्हणून तिच्या खुर्चीत मी बसले होते. फोनवर दादा एवढंच म्हणाला, "सुमे, शालन गेली. तू सावकाश ये." समोर बसलेली बाई चार घरची कामं करून आलेली. तिला काही सांगावं लागलं नाही. राहू दे ताई, उद्या येते, म्हणून ती उठायला लागली. पण ती एका घरचं काम टाकून आली होती हे मला ठाऊक होतं, आणि वहिनीने तिला तशीच परत पाठवली असती का, हेही ठाऊक होतं. मी तिला खाली बसवलं, तिचं बोट पुन्हा चोळायला घेतलं, यंत्राने ते मुकाट्याने घेतलं, तिच्या हातात तिचे पैसे ठेवले, शटर ओढलं आणि रिक्षात बसल्यावर मग जी काही रडले…

शालनवहिनी मालवणकडची. लग्न होऊन मालाडच्या आमच्या चाळीतल्या खोलीत आली तेव्हा मी कॉलेजात होते आणि नणंदेचा तोरा मला चांगलाच होता. ही बुटकी, गव्हाळ, हातात सतत काहीतरी काम असलेली मुलगी माझ्या तोऱ्याला भीक घालीना. मी काही टोचून बोलले की ती हसून म्हणायची, "सुमे, जीभ बरी हा तुजी, लोणच्याच्या कामाची." आमचं भांडण असं कधी झालंच नाही, कारण भांडायला दोघी लागतात. पुढे मी लग्न करून बोरिवलीला गेले, एका शाळेच्या ऑफिसात नोकरीला लागले, तरी दर रविवारी माझी फेरी ठरलेली. दादाला वाटायचं मी त्याला भेटायला येते.

इथे आल्यावर पहिल्याच वर्षी ती स्वतःचं खातं उघडायला एका बँकेत गेली होती. तिथे कुणी तिचा अपमान केला नाही, पण कुणी तिच्याकडे पाहिलंही नाही. ती या खिडकीवरून त्या खिडकीवर उभी राहिली आणि दुपारी परत आली. "बँकेत गेल्यावर काय वाटतं सांगू? आपण चोरी करायला आलोय आणि अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही," हे तिचं वाक्य मी पुढे अनेकांना ऐकवलं. पुष्कळ वर्षांनी बँकेची माणसं गल्लीत आली, दुकान असलेल्या कुणाला प्रतिनिधी व्हायचंय का, विचारत. दादाने हात झटकले. दुकानामागच्या खोलीत पोळ्या लाटत असलेली वहिनी पीठभरल्या हाताने पुढे आली आणि म्हणाली, "ह्यां माका जमतला." त्या माणसाला मालवणी कळली नसावी, पण त्याने अर्ज तिच्या हातात दिला. टेबल आलं त्या दिवशी तिने पहिलं काम केलं ते म्हणजे दादाच्या गिऱ्हाइकांची खुर्ची उचलून टेबलासमोर ठेवली. येणाऱ्याने आधी बसायचं, हा तिचा नियम. उभ्या माणसाचं काम ती करायचीच नाही. कुणी घाईत असला तरी त्याला टेकवायची, पंखा त्याच्याकडे वळवायची, मग विचारायची काय काम आहे ते.

हिरूबाय तिच्याकडे पहिल्यांदा आली तो प्रसंग वहिनी रंगवून सांगायची. हिरूबाय खाडीलगतच्या कोळीवाड्यातली, वय झालेली पण आवाज खणखणीत. पहाटेपासून बर्फातली कोळंबी सोलायची, ती विकायची, आणि मिळालेलं घरात ठेवलं की मुलाच्या हाताला लागायचं. त्याला प्यायला कुठलंही निमित्त पुरायचं. म्हणून तिला खातं हवं होतं. मागे एका शाखेत ते उघडलंही होतं, पण पैसे काढायला गेली की यंत्र तिचा ठसा नाकारायचं. दोन खेपा हात हलवत परत आल्यावर तिची समजूत झाली की सरकारदरबारी आपण मेलो आहोत. ती वहिनीपुढे बसली, पंजा टेबलावर आपटला आणि म्हणाली, "मी जिती हाय, आन माजा बोट मेला काय गो?"

वहिनीने तो हात हातात घेतला. कोळंबीचे काटे, मीठ आणि बर्फ यांनी आयुष्यभर घासून घासून त्या बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. अंगठा गुळगुळीत, पहिलं बोट तसंच. वहिनीने थर्मासमधलं कोमट पाणी फडक्यावर घेऊन हात पुसला, खोबरेल तेलाचा थेंब लावला आणि एकेक बोट आपल्या तळव्यांत धरून चोळत बसली. करंगळीशेजारचं बोट जरा बरं निघालं, कारण सोलताना ते फारसं कामाला येत नाही. तेल टिपून ते यंत्रावर ठेवलं, आणि यंत्राला हिरूबाय दिसली. त्या दिवशी पैसे काढायचे राहिलेच. हिरूबाय म्हणाली, राहू देत तिथंच, मी हाय एवढं कळलं तरी पुरे.

पण आता त्या बोटाला जपायचं कसं? हिरूबायने आपल्या डोक्याने मार्ग काढला: पैसे काढायचे असले की आधी आठवडाभर ती सोलायलाच बसेना. बोट बरं झालं, पण मजुरी बुडाली! वहिनीला हे कळल्यावर तिने कपाळाला हात लावला. मग आपली जुनी सुती साडी काढली, धुऊन धुऊन मऊ झालेली, आणि तिच्या अरुंद पट्ट्या कापल्या. एक पट्टी हिरूबायच्या त्या बोटाला गुंडाळून दिली. सोलायला बसताना बांधायची, उठल्यावर सोडायची. पुढच्या महिन्यात हिरूबायच्या मागून तिच्या शेजारणी आल्या, मग त्यांच्या सुना आल्या. कोळीवाड्यात त्या बोटाला नावच पडलं, बँकेचं बोट. नऊ बोटांनी काम करायचं आणि एक बँकेसाठी राखायचं. वहिनीच्या खणात बिस्किटांचा एक डबा असायचा आणि त्यात पट्ट्यांच्या गुंडाळ्या, पिवळ्या, हिरव्या, चौकड्याच्या. भांडी घासणाऱ्या बायका, वीटकामाचे मजूर, सगळ्यांना ती जाताना एक गुंडाळी द्यायची.

मी तिला छळायची. बँक चालवतेस की मालिशकेंद्र, असं विचारायची. एवढा वेळ एकेका बोटावर घालवलास तर तुला मिळणार काय, असंही म्हणायची, आणि खरंच तिला फार काही मिळत नव्हतं. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं, बोट चोळताना बायका बोलतात आणि मला घरबसल्या सगळ्या गावाची खबर मिळते. ते खरंही होतं. कुणाची मुलगी परीक्षेला बसली, कुणाचा नवरा गावाहून परत आलाच नाही, सगळं तिला माहीत. एकदा हिरूबायचा मुलगा टेबलाशी आला. आईच्या खात्यात किती आहेत तेवढं सांग, म्हणाला. वहिनीने त्यालाही आधी बसवलं, पंखा वळवला, पाणी दिलं आणि मग शांतपणे म्हणाली, "तुझं बोट इथे चालत नाही, बाबा." तो पाणी पिऊन निघून गेला. पुन्हा आला तो स्वतःचं खातं उघडायला, असं मला लिहायला आवडलं असतं… पण तो पुन्हा आला नाही.

माझी एक वेगळीच तक्रार होती. एका दिवाळीला मी तिला चांगली महागाची सुती साडी घेतली होती, जांभळी, त्यावर बारीक पिवळी बुट्टी. दादरला तीन दुकानं पालथी घालून आणलेली. वहिनीने ती कधी नेसलीच नाही. मी दर सणाला विचारायची आणि ती दर सणाला म्हणायची, नेसते गो, मोका येऊ दे. शेवटी मी ठरवून टाकलं की हिला रंग आवडला नाही आणि सांगायची हिंमत नाही. नणंदेला घाबरायची ती या एकाच बाबतीत, असं मी दादाला सांगून ठेवलं होतं.

मग तिचं दुखणं निघालं, कॅन्सरचं. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं की या औषधाने तळहात लाल होतील, कातडी सोलवटेल. हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं की यंत्र रोज सकाळी आधी वहिनीचा स्वतःचा ठसा मागतं, तो जुळला तरच पुढचं काम सुरू होतं, आणि त्या औषधाने तिच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या जातील. एका सकाळी यंत्राने तिला ओळखलं नाही. ती मला म्हणाली की तिला पहिल्यांदा हसू आलं. नंतर ती घाबरली. स्वतःसाठी नाही. टेबलावरचं हे केंद्र बरेच दिवस उघडलं नाही तर बँक ते बंद करते, आणि मग हिरूबायसारख्यांना पुन्हा त्या शाखेत जाऊन कुणी ओळखतंय का हे बघत उभं राहायचं होतं. त्यानंतर मी सकाळी गेले की एकच दृश्य दिसायचं. वहिनी आल्यागेल्याच्या खुर्चीवर बसलेली आणि हिरूबाय तिचं बोट हळूहळू, कातडी दुखू नये अशा बेताने तेलाने चोळतेय. यंत्र नाही म्हणालं की हिरूबाय यंत्राला शिव्या द्यायची, "हिनी सगल्यांची बोटा चालवली, आन हिचाच बोट तुला चालत नाय काय रं?" एखाद्या दिवशी चालायचंही. त्या दिवशी वहिनी दुपारपर्यंत काम करायची आणि घरी जाऊन पडून राहायची.

एका रविवारी तिने मला जवळ बोलावलं. हात दाखव म्हणाली. मी दाखवले. बाजारात वांगी बघावीत तसे तिने ते उलटसुलट करून पाहिले.

"जन्मभर ऑफिसात कागद हलवलेस. बघ, कशी कोरी बोटं आहेत. सुमे, एक मला दे."

मला कळलं, पण मी कळलं नसल्यासारखं केलं. मग म्हणाले की मी नुकती कुठे रिटायर झालेय, आणि माझ्याकडे तुझ्यासारखा धीर नाही.

"जीभ आहे ना, तेवढी पुरे. धीराचं बघू मागाहून."

अर्ज भरला, परीक्षा दिली, पोलिसांची चौकशी झाली. या वयात मी पुन्हा परीक्षेचा अभ्यास करत होते आणि वहिनी अंथरुणावरून माझी उजळणी घेत होती. केंद्र माझ्या नावावर झालं तेव्हा ती इस्पितळात होती. मी माझ्या बोटाने यंत्र उघडल्याचं तिला सांगितलं. तिने विचारलं, "आलेल्या बायांना बसवतेस ना आधी?" आमचं शेवटचं नीट बोलणं ते.

ती गेल्यावर काही दिवसांनी मी टेबल पुन्हा उघडलं. बायका यायला लागल्या. मी सगळ्यांना सांगायची, तात्पुरती आहे हो, दुसरं कुणी मिळेपर्यंत. हिरूबाय मात्र फिरकली नाही. तिचे पैसे खात्यात पडून, औषधाला ती शेजारणीकडून उसने घेत होती, असं कळलं. शेवटी एका सकाळी मीच बंदरावर गेले. पत्र्याच्या शेडखाली बायका ओळीने कोळंबी सोलत बसल्या होत्या. हिरूबायने मला पाहिलं आणि मान खाली घालून काम सुरू ठेवलं. मी जवळ जाऊन बसले. का येत नाहीस, विचारलं.

"तू पावनी हायेस. आज हाय, उद्या नाय. पावनीच्या हातात बोट कशाला देऊ?"

 मी तिच्या हातांकडे बघत राहिले, आणि मग शेजारणीच्या, आणि तिच्या पलीकडच्या. ओळीतल्या प्रत्येक बाईच्या त्या एका बोटाला पट्टी होती. लिंबोणी रंगाची, ती वहिनी संक्रांतीला नेसायची. चौकड्याची, ती तिच्या आईने दिलेली. आणि हिरूबायच्या बोटाला जांभळी होती, बारीक पिवळ्या बुट्टीची. माझं लक्ष कुठे गेलंय ते हिरूबायने ओळखलं. जुन्या साड्या संपल्या तेव्हा वहिनीने ही काढली होती, ती म्हणाली. माझ्या नणंदेने दिलीय, पोत बघ किती मऊ, बोटाला टोचणार नाही, असं म्हणून स्वतः कापली होती.

मी तिथे, त्या ओल्या लादीवर बसून, सगळ्यांदेखत रडले. मग डोळे पुसून हिरूबायला म्हणाले, "मी पाहुणी नाही. कुठेही जात नाही."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. कंबरेची पिशवी सोडून तिच्यातून त्याच जांभळ्या पट्टीचा एक तुकडा काढला, हात पदराला पुसले आणि तो माझ्या करंगळीशेजारच्या बोटाला बांधला. "मंग तुजा पन राख," म्हणाली.

आता घरी भांडी घासताना, नारळ खवताना मी ती पट्टी बांधते. रोज सकाळी सोडते, बोट तळव्यात धरून थोडं चोळते आणि यंत्रावर ठेवते. मी वहिनीला दिलेली साडी अशी माझ्याकडे परत आली… बोटभर.